विहिरीतल्या सहा बाटल्या

बुलढाणा जिल्ह्यात वाइन प्यायला कुणी जात नाही. लोक लोणारचं सरोवर बघायला जातात, शेगावला दर्शनाला जातात. मी नाशिकहून रेड वाइनच्या सहा बाटल्या घेऊन गेले आणि येताना एकही परत आणली नाही. एवढं सांगितलं की मैत्रिणींच्या भुवया वर जातात आणि पुढचं कुणी ऐकतच नाही, म्हणून सगळं नीट लिहून काढते आहे.

बँकेतून निवृत्त झाल्यावर घरी बसून सुनेच्या स्वयंपाकात नाक खुपसण्यापेक्षा मी निखिलच्या वायनरीत नाक खुपसायला लागले. निखिल माझ्या मैत्रिणीचा मुलगा. त्याची वायनरी एवढीशी आहे आणि तो फक्त नैसर्गिक वाइन करतो. म्हणजे द्राक्षं चिरडायची आणि त्यांच्या सालीवर जे यीस्ट मुळातच असतं त्याला आपलं काम करू द्यायचं. बाहेरचं विरजण नाही, टिकवायची पावडर नाही आणि गाळून गाळून आरशासारखी करणंही नाही. पाहुणे आले की त्यांना चव चाखवायची, कोणती घ्यावी ते सांगायचं, हे माझं काम. दोन-तीन वर्षांत मी त्यात चांगलीच तरबेज झाले होते. निदान माझी तशी समजूत होती.

निखिल बाटल्यांवरची लेबलंसुद्धा हाताने लिहितो आणि मैद्याच्या खळीने चिकटवतो. हा तपशील तेव्हा मला फार गोड वाटायचा.

आदल्या वर्षी बुलढाण्याहून दिगंबर नावाचे एक शेतकरी पिकअपभर शिराझ द्राक्षं घेऊन त्याच्याकडे आले होते. निखिलने त्यांची वाइन वेगळ्या पिंपात केली. ती नुकतीच बाटल्यांत भरली होती आणि मी अजून चाखली नव्हती. "मावशी, तू स्वतःच घेऊन जा," तो म्हणाला. "सोबत आपल्या पाच वेगळ्या बागांच्या पाच बाटल्या ने. त्यांच्याच शेतात बसून सहाही चाखा, म्हणजे आपली वाइन कुठे बसते ते त्यांना कळेल. बाग ठेवणार असतील तर दर वर्षी मी द्राक्षं घेईन. पण खरडछाटणीच्या आत काय ते सांगायला सांग."

खरडछाटणी म्हणजे एप्रिलमध्ये वेल पार बोडका करायचा, की पुढच्या वर्षीच्या काड्या नव्याने फुटतात. ती केली की बाग आणखी एक वर्ष राहिली. नसेल करायची, तर वेल उपटून दुसरं पीक घ्यायचं, याची वेळही हीच.

नांदुरा, शनिवार सकाळ

नांदुऱ्याला गाडीतून उतरले तेव्हा साडेआठ वाजले होते आणि ऊन अकराचं होतं. माझा जीव सगळा त्या बॅगेत. नैसर्गिक वाइनमध्ये टिकवायची पावडर नसते, त्यामुळे उन्हात ती चटकन बिघडते. कधीकधी तर आत पुन्हा आंबायला लागते आणि बूच आपणहून वर येतं. मी सहाही बाटल्या ओल्या सुती साड्यांत गुंडाळल्या होत्या आणि बॅग फलाटावरच्या बाकावर, सावलीत, मांडीला टेकवून बसले होते. दर पाच मिनिटांनी चेन उघडायची, पाण्याचा हबका मारायचा, हाताने वारा घालायचा, चेन बंद करायची. शेजारी बसलेल्या बाईंनी बराच वेळ हे पाहिलं आणि मग न राहवून विचारलं, "बाई, लेकरू हाय का त्याच्यात?"

लेकरूच होतं, पण तसं सांगता येईना.

दिगंबरभाऊ न्यायला आले. पंचेचाळिशीचे, सडसडीत, बोलण्याआधीच हसणारे. "मॅडम, पहिले आलुबोंडा खाऊ," म्हणून त्यांनी स्टेशनबाहेरच्या गाड्यावर उभं केलं. आमच्याकडचा बटाटेवडाच तो, पण इथे त्याच्यावर कढी ओततात आणि वर तळलेली मिरची ठेवतात. मी नाशिकच्या तिखटावर वाढलेली आहे आणि मला मिरचीचं काय कौतुक, अशा थाटात मी ती अख्खी खाल्ली. पुढची दहा मिनिटं दिगंबरभाऊ कापसाच्या बाजाराबद्दल काय सांगत होते त्यातला एक शब्द मला ऐकू आला नाही.

मोताळ्यावरून बुलढाण्याकडे जाताना घाट लागतो. खाली सगळं सपाट, काळं, कापूस वेचून रिकामं झालेलं रान. वर चढू लागलं की साग, पळस, आणि गाडीच्या खिडकीतून येणारा वारा एकदम वेगळा. बुलढाण्याची माणसं या वाऱ्याबद्दल असं बोलतात, जसं काही तो त्यांनीच बसवून घेतला आहे. घाटातच दिगंबरभाऊंनी मला खरी गोष्ट सांगितली.

चार वर्षांपूर्वी त्यांनी ही बाग लावली. वाइनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं, बियांनी भरलेलं. शेजारपाजारचे लोक येऊन तोंडात टाकायचे आणि थुंकून द्यायचे. "म्हनत, दिग्या बे, हे काय करवंदं लावून राह्यला," ते म्हणाले. ज्यांनी घेऊ म्हणून सांगितलं होतं त्यांनी घेतलं नाही, म्हणून तर ते निखिलपर्यंत पोचले.

"मंग आता काय ठरलं तुमचं?" मी विचारलं. घाट अर्धा चढेपर्यंत माझ्या तोंडात मंग आला होता.

"माहं तर ठेवाचंच हाय. पन शेत शोभाच्या नावावर हाय ना. तिच्या बापानं तिले देलं. बागेतलं सारं कामही तीच पाह्यते. आन् ते म्हनते का काढून टाका, हळद लावू. सोमवारी छाटनीवाले येऊन राह्यले. ते छाटतीन का उपटतीन, हे शोभा सांगीन." मग म्हणाले, "तुमी समजावून सांगा ना मॅडम तिले. बाईचं बाई ऐकते."

मी मोठ्या आत्मविश्वासाने मान हलवली. वाइन विकत घ्यायला नको म्हणणाऱ्या किती जणांना मी दोन-दोन बाटल्या घ्यायला लावल्या होत्या.

शेतातलं घर

शोभाताई चाळिशीच्या, उंच, कमी बोलणाऱ्या. घर शेतातच, नवं, पत्र्याचं, पुढे कडुलिंबाचं मोठं झाड, मागे म्हशींचा गोठा आणि बाजूला बांधलेली विहीर. त्यांनी माझ्या हातातून बॅग घेतली, बाहेरून हात लावून पाहिला आणि एवढंच म्हणाल्या, "ताई, हे तर तापलं." मग जेवायला वाढलं. ज्वारीची भाकरी, पातोडीची, म्हणजे आमच्या पाटवडीची, रसभाजी, कांदा. घरी मी दुपारी एक पोळी खाते. इथे तीन भाकरी झाल्या आणि मी जी आडवी झाले ती थेट पाचला उठले.

उठून बाहेर आले तर शोभाताई विहिरीच्या काठावर उभ्या राहून दोर ओढत होत्या. दोराच्या टोकाला सुतळीची जाळी आणि जाळीत माझ्या सहा बाटल्या.

"टरबूज आमी असंच थंड करतो," त्या म्हणाल्या. "म्हनलं पाहुन्यायच्या बाटल्या तापल्या, टाका इहिरीत."

मी धावत जाऊन जाळी घेतली. सहा काळपट हिरव्या बाटल्या, निथळत्या, एकसारख्या, आणि एकीवरही लेबल नाही. मैद्याच्या खळीने आपला धर्म पाळला होता. काठावरून वाकून पाहिलं तर खाली पाण्यावर निखिलचं सुरेख अक्षर कागदाकागदाने तरंगत होतं. बुचं सारखी, बाटल्या सारख्या, उंची सारखी.

खोटं कशाला बोलू, मला रागच आला. एवढा जीव मुठीत धरून आणलेल्या बाटल्या. "अहो, विचारायचं तरी होतंत," मी म्हणून गेले. शोभाताईंचा चेहरा उतरला आणि त्या दोर गुंडाळू लागल्या. मला लगेच वाईट वाटलं, पण माघार घेण्याची सवय नाही ना.

मग बाटलीला हात लावला. अगदी जशी हवी तशी गार होती. सगळ्या पुस्तकांत लिहिलेलं असतं की रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, आणि आपण लोक ते इमानेइतबारे पाळतो. पण ती खोली ज्यांनी हे लिहिलं त्यांच्या थंड देशातली. आपल्याकडे एप्रिलमधल्या खोलीत ठेवलेली रेड वाइन म्हणजे कोमट काढा. ती बर्फासारखी नको, पण विहिरीच्या पाण्याइतकी गार हवीच. नैसर्गिक रेड तर हवीच हवी, कारण ती हलकी, रसाळ असते आणि गारव्याने तिचा वास जागेवर राहतो. मी पाहुण्यांना फ्रिजमध्ये वीस मिनिटं ठेवा वगैरे सांगत असते. या बाईंनी एका दोराने ते काम केलं होतं. हे मी त्यांना सांगितलं, माफीही मागितली. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या ताई. कागदाचं मलेच समजाले पाह्यजे होतं."

आता प्रश्न असा की यातली बुलढाण्याची कोणती? निखिलला फोन करून विचारणं सोपं होतं. पण मग लेबलं धुतली गेली हे सांगावं लागलं असतं, आणि तो माझी जी टिंगल करेल ती जन्मभर पुरली असती. "काळजी करू नका," मी जाहीर केलं. "उद्या मी चाखून ओळखते. हे माझं कामच आहे."

बाटल्या आम्ही रांजणाखालच्या ओल्या वाळूत उभ्या रोवून ठेवल्या. नैसर्गिक वाइन गाळलेली नसते, तिच्यात साका असतो. बाटली रात्रभर उभी राहिली की तो तळाशी बसतो आणि ओतताना ग्लासात येत नाही.

रविवार, लिंबाखाली

रविवारी रोडग्यांचा बेत होता. गव्हाच्या जाडसर कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, राख झटकायची, फोडायचे आणि तुपात बुडवायचे. सोबत वांग्याची भाजी, तेलाचा लाल तवंग असलेली, आणि साधं वरण. आर पेटवायचं काम पुरुषांचं. दिगंबरभाऊ आणि त्यांचे शेजारी वानखडे सर सकाळपासून त्यात गुंतले होते. वानखडे सर शाळेतून निवृत्त झालेले, पांढरा सदरा, गळ्यात चष्म्याची दोरी. बौद्ध घरातले आणि पंचशील कडकपणे पाळणारे. त्यामुळे ते पिणार नव्हते, आणि नेमकं त्याचमुळे दिगंबरभाऊंनी त्यांना पंच नेमलं होतं.

"सर, तुम्हाला इथे बसायला अडचण नाही ना?" मी विचारलं.

"माझं पाचवं शील माझ्यापुरतं आहे, मॅडम," ते म्हणाले. "पेपर कोणताही असो, पर्यवेक्षकानं तो सोडवायचा नसतो."

सरांनी प्रत्येक बाटलीच्या मानेला दोऱ्याने चिठ्ठी बांधली, एक ते सहा. मला वही दिली आणि प्रत्येक क्रमांकापुढे बागेचं नाव लिहायला सांगितलं. पेन्सिलने नाही, पेनाने. घरात वाइनचे ग्लास नव्हते. स्टीलच्या पेल्यांना धातूचा वास येतो म्हणून मी चहाचे काचेचे ग्लास मागून घेतले. शोभाताईंनी ते दोनदा धुऊन आणून दिले.

मग मी सुरू झाले. आणि मी सुरू झाले की थांबत नाही. दिगंबरभाऊंना सांगितलं, आधी वास घ्या, मग घोट. गढूळ दिसली तर घाबरू नका, घरच्या उसाच्या रसासारखं आहे ते. जिभेवर थोडं चुरचुरलं तरी चालतं, जिवंत वाइन आहे. मात्र व्हिनेगरसारखा नाकात झोंबणारा आंबटपणा आला तर ती बिघडलेली. आणि तिखट जेवणाबरोबर जड, तुरट वाइन कधी घेऊ नका, तोंडात दोघांचं भांडण लागतं आणि मधे आपण भाजतो. हलकी घ्या, फळाच्या चवीची.

पहिली बाटली हलकी, करवंदासारखी. दुसरी मात्र काय सुंदर होती. मऊ, गोलाईदार, मागे मिरीचा हलका ठसका. शिराझचा हाच तर गुण. वांग्याच्या भाजीबरोबर ती अशी काही जुळली की मी वहीत दोनपुढे मोठ्या अक्षरात 'बुलढाणा' लिहिलं आणि वही दिगंबरभाऊंना दाखवली. त्यांनी डोळे मिटून घोट घेतला. "हाव, हाच आमचा. आपल्या मातीचा वास येऊन राह्यला न राजा." त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी सरांच्या खांद्यावर हात टाकला. तिसरी, चौथी झाली. पाचवीचं बूच काढलं तर भसकन वास आला.

"कसला हो हा?" मी नाक मागे घेतलं. "गोठ्यासारखा."

"गोठा मांगच हाय, ताई," शोभाताई भाजी वाढता वाढता म्हणाल्या.

सगळे हसले. तो वास बाटलीतलाच होता. नैसर्गिक वाइनला कधीकधी असा येतो. हवा न मिळाल्याने ती कोंदलेली असते आणि अर्धा तास मोकळी ठेवली की वास उडून जातो. हा नियम मी स्वतः पाहुण्यांना शिकवते. पण तेव्हा मला दुसरी बाटली सापडलेली होती, त्यामुळे पाचवी मी बाजूला सरकवली आणि वहीत काहीतरी लिहून टाकलं. सहावीही आटोपली. मी पेन बंद केलं आणि आता समजावण्याचं काम हाती घ्यावं म्हणून वळले.

"शोभाताई, बघा," मी म्हटलं. "इतकी छान वाइन तुमच्या बागेतून निघते. ही बाग काढू नका. तुम्हीच सांगा, कशी वाटली?"

त्यांनी रोडग्याचं ताट खाली ठेवलं आणि माझ्याकडे शांतपणे पाहिलं.

"मले कसं ठाऊक असीन, ताई?"

मी खाली पाहिलं. सतरंजीवर चहाचे ग्लास दोनच होते. एक माझा, एक दिगंबरभाऊंचा. सहा बाटल्यांपुढे मी भाषणं दिली, आणि समोर जी बाई उभी राहून आम्हाला वाढत होती तिला ग्लास द्यावा हे माझ्या मनातही आलं नव्हतं. दिगंबरभाऊंच्या नव्हतं आलं ते सोडा. माझ्या, एका बाईच्या, आलं नव्हतं. मला फार लाज वाटली.

"मी तुमचा राग नाई धरत," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "पन सांगतो. चार वर्स झाले, या वेलीचं सारं मी करून राह्यली. घड विरळ करनं, पानं काढनं, तोडनी. लोकं हसले तं मले हसले, हे तर दिवसभर गावात राह्यते. मांगच्या साली द्राक्ष देले तवा नाशिकवरून दोन बाटल्या आल्या, दुसऱ्या बागेच्या. यायनं दोस्तायसंग घेतल्या. कोनी म्हनलं नाई का शोभा, पाय बरं, कसं लागते. मंग मी काऊन ठेवू हे बाग? हळद लावली तं निदान भाजीत तरी टाकता येईन."

दिगंबरभाऊ आरातल्या राखेकडे बघत बसले. वानखडे सर उठले, घरात गेले आणि तिसरा ग्लास घेऊन आले. पाण्याने विसळलेला. त्यांनी तो शोभाताईंच्या हातात दिला आणि म्हणाले, "उशीर झालेल्या परीक्षार्थीला पूर्ण वेळ मिळेल."

शोभाताई सतरंजीवर बसल्या. दिगंबरभाऊंनी स्वतः दुसरी बाटली उचलली, आमची लाडकी, आणि त्यांच्या ग्लासात ओतली. शोभाताईंनी ती प्यायली नाही. वास घेतला आणि ग्लास खाली ठेवला. "हे नाई."

"शोभा, चाखून तर पाय."

"हे आमचं नाई."

मग पहिली, नाही. तिसरी, नाही. चौथी, नाही. प्रत्येक वेळी फक्त वास. पाचवी मीच ओतली, जरा ओशाळून, कारण ती टाकाऊ ठरवून आता चांगला पाऊण तास झाला होता. शोभाताईंनी ग्लास नाकाशी नेला आणि तिथेच धरला. मग डावा हात उलटा करून तळव्याचा वास घेतला, जसा काही तळहातावर जुना हिशेब पडताळून बघावा. पुन्हा ग्लास.

"हे आमचं हाय."

"कशावरून?" मी विचारलं.

"तोडनीच्या टायमाले हाताले जो वास लागते ना, देठाचा, चिकाचा, रसाचा, तो चार दिवस जात नाई. भाकरीत येते, डोक्याच्या तेलात येते. तोच हाय हा."

मी माझ्या ग्लासात ओतून घेतली. गोठा कुठल्या कुठे गेला होता. आता जांभूळ होतं, ओलं लाकूड होतं, आणि मागे खरंच काहीतरी हिरवं, देठासारखं. पण मी हट्टी आहे. माझ्या मते शिराझ म्हणजे दुसरीच. दिगंबरभाऊ माझ्या बाजूला. शेवटी पंचांनी निर्णय दिला की ज्यांनी वाइन केली त्यांना विचारावं. माझी सुटका नव्हती. निखिलला फोन लावला, फोन सगळ्यांना ऐकू येईल असा केला आणि लेबलांची कथा सांगितली. तो जे हसत सुटला ते मी इथे लिहीत नाही.

"बुलढाण्याची बाटली मी पिंपाच्या तळातून भरली होती, सगळ्यात शेवटी," हसून झाल्यावर तो म्हणाला. "साका सगळ्यात जास्त तिच्यातच असणार. बाटली रिकामी झाली की दिसेल."

"म्हणजे सगळी पिऊन संपवायला लागणार," मी उदार मनाने म्हटलं.

"तांब्यात ओता ना," वानखडे सर म्हणाले.

दुसरी बाटली सावकाश तिरकी करून एका तांब्यात ओतली. शेवटपर्यंत स्वच्छ, तळाशी जेमतेम एक रेघ. पाचवी दुसऱ्या तांब्यात. शेवटच्या घोटाला बाटलीच्या मानेशी जांभळा, दाट, मुरंब्यासारखा साका येऊन थांबला, आणि बाटली उजेडात धरली तर तळाशी चांगला बोटभर अजून होता.

सरांनी माझी वही घेतली, दोनपुढच्या माझ्या मोठ्या अक्षरावर लाल पेनने काट मारली आणि खाली लिहिलं, 'मुख्य प्रश्न चुकल्यामुळे अनुत्तीर्ण.' दिगंबरभाऊंना तोंडी परीक्षेत शून्य मिळालं. फोनवर चव विचारून निखिलने दुसरी बाटली नाशिकजवळच्या निफाडची ठरवली, म्हणजे मातीचा वास त्यांना निफाडच्या बागेतून आला होता.

आणि मग शोभाताईंनी आपली वाइन चाखली. पहिला घोट तोंडात बराच वेळ धरला. आम्ही तिघं त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. वांग्याच्या भाजीत बुडवलेला रोडग्याचा तुकडा त्यांनी खाल्ला, पुन्हा घोट घेतला.

"आंबटसर हाय," त्या म्हणाल्या. "पन भाजीले पुढं जाऊ देत नाई."

तिखटाला पुढे जाऊ न देणारी वाइन. यापेक्षा नेमकं मी आजपर्यंत कुठल्याही पाहुण्याला सांगू शकले नव्हते. त्या दुपारी आम्ही किती हसलो त्याला सुमार नाही. दिगंबरभाऊंनी शोभाताईंना दोनदा रोडगा मोडून वाढला, तूप घालून, आणि तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "पुरे आता, एका दिवसात सारं नका भरून काढू." मी इतकं खाल्लं की उठताना सरांना हात द्यावा लागला. घरी असताना मी एका ग्लासाबरोबर चीजचे चार तुकडे मोजून घेते. यापुढे माझ्या पाहुण्यांना वांग्याची भाजी मिळणार आहे, निखिल काहीही म्हणो.

बागेचं मात्र कुणी काही विचारलं नाही. विचारायची हिंमत कुणाचीच नव्हती, माझी तर मुळीच नाही.

सोमवार

सकाळी कात्र्यांच्या आवाजाने जाग आली. कट, कट, कट. बाहेर आले तर छाटणीवाले चौघे बागेच्या तोंडाशी उभे होते आणि आतल्या पहिल्या ओळीत शोभाताई, डोक्याला रुमाल बांधून, एक एक काडी खाली आणत होत्या. काडीवर एक डोळा, म्हणजे नवा फुटवा येतो ती गाठ, ठेवायचा आणि बाकी सगळं उतरवायचं. "असं," त्या छाटणीवाल्यांना दाखवत होत्या. "खोडाले लागू नका. साऱ्या ओळी अशाच." हिरव्या पानांचा ढीग पायाशी पडत होता. दिगंबरभाऊ बांधावर उभे होते आणि त्यांना हसू आवरत नव्हतं.

मी चपला घालून ओळीत गेले. जवळ जाऊन विचारलं, "निखिलला सांगू ना मग?"

"सांगजा," त्या म्हणाल्या. कात्री थांबली नाही. "आन् हे पन सांगजा का येत्या तोडनीले गाडीसंग मी येईन. द्राक्ष चेंगरते कसे, पिंपात टाकते कसे, मले पाहाचं हाय. पिंपावर नाव माहं टाकाचं, शोभा."

"आन् मी?" बांधावरून दिगंबरभाऊंनी विचारलं.

शोभाताईंनी पुढची काडी हातात धरली, डोळा मोजला आणि कापली.

"तुमी राहा घरी," त्या म्हणाल्या. "म्हशीले पानी कोन पाजीन?"